खिडकी दिसेल असा फोटो

रविवार, १७ मे
खोलीवरून

प्रिय वहिनी,

मोठ्यांना नमस्कार, छोटीला गालगुच्चा, आणि पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू कपाळावर हात मारला असशील तर त्या हातालाही नमस्कार. मी मजेत आहे. तुम्हीही सगळे मजेत असाल, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर मी लिहिते आणि पुसते, लिहिते आणि पुसते, आणि शेवटी काहीतरी हसरं तोंड पाठवून मोकळी होते. कागदावर खोडलं तरी खाली काय होतं ते दिसतं. आणि हेही कोणाला तरी जिना चढून आणावं लागणार, असं म्हणू नकोस. आमच्या गोदामातून तुमच्याकडच्या शाखेत रोज ट्रक जातो. त्याचा ड्रायव्हर तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच राहतो. तो जाता जाता खालच्या पेटीत टाकेल. जिना चढायचा नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

इकडचं सांगते. माझी खोली एका सलूनच्या वर आहे. सलून अर्थात बंद. मी माझे केस माझेच कापले. मागून कसे झालेत ते मला दिसत नाही, लोकांना दिसतं, त्यामुळे त्रास असलाच तर त्यांना. घरमालक रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालावं तसं पायऱ्यांवर औषध शिंपडतात. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी छापखान्यात होते, छोटी झाली तेव्हा रोपवाटिकेत. मग एका हॉटेलात चादरी बदलत होते, ते राहिलंच तुला सांगायचं, तिथे एक बाई सहा महिने राहिली आणि तिने एकदाही खिडकी उघडली नाही. असो. लॉकडाऊन लागला तेव्हा मी पार्सलच्या गोदामात होते. संगीत खुर्चीत गाणं थांबतं आणि जी खुर्ची मिळाली तिच्यावर आपण बसतो, तसं झालं. नाहीतर इथूनही गेलेच असते.

गोदामात शिरताना कपाळाला पिस्तूल लावतात, तापाचं. मग मास्क, हातमोजे, आणि दोन टेबलांच्या मध्ये पिवळी पट्टी. मी खोके बांधते. माझ्या शेजारच्या टेबलावर वजन करणाऱ्या काकू आहेत. त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही, सगळे वजनवाल्या काकूच म्हणतात आणि त्या स्वतःही फोनवर तसंच सांगतात. सुरुवातीला औषधं, बाळाचं दूध, साबण, एवढंच जात होतं. मग हळूहळू सगळंच सुटलं. केस कुरळे करायचं यंत्र. अननसाच्या आकाराचा दिवा. कुत्र्यासाठी टाय. वहिनी, सगळं जग दाराला कडी लावून बसलंय, मग हा कुत्रा टाय लावून जाणार कुठे?

जेवणाच्या सुट्टीत आमचा एक खेळ चालतो. त्या दिवशीची सगळ्यात बिनकामाची वस्तू कोणती, ते ठरवायचं. तिला ‘आजचं रत्न’ म्हणतात. काकू निवाडा करतात. एकदा चावी दिली की उड्या मारणारा पत्र्याचा बेडूक रत्न ठरला. काकूंनी तो तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, ज्याने हा मागवलाय ना, त्याला एक दिवस ही पिशवी पाठीला लावून भर उन्हात जिने चढायला लावा. सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसले.

तो बेडूक तुमच्याकडे आहे. छोटीने त्याची चावी मोडली नसेल तर अजून उडतही असेल.

बेडूक, पिंपाचं झाकण उघडायचा पाना, रंगीत फुगे, त्या मांजराच्या कानांचा कप, सगळं मीच पाठवलं. तुला वाटलं तुझ्या माहेरून येतंय, आणि तू त्यांना आभाराचा फोनही केलास म्हणे. दादाने सांगितलं मला. त्यांनी काय केलं असेल बिचाऱ्यांनी, आभार घेऊन टाकले असतील.

वस्तूंशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला फोटो हवा होता.

आता माणसं समोरासमोर येऊ नयेत म्हणून पार्सल दाराशी ठेवतात आणि त्याचा फोटो काढून मागवणाऱ्याला पाठवतात. दादाने छोटीला थर्मामीटर पाठव असं सांगितलं होतं, ते मी पाठवलं, ते तर गरजेचंच होतं. त्याचा फोटो आला. आपला उंबरा. त्याच्यावर ओघळलेला तो जुना पिवळा रंग. बाबांच्या चपला, डावीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. मी तो फोटो मोठा करून करून बघितला, शेवटी नुसते चौकोन दिसायला लागले. दोन वर्षांत मी घराचा एवढासाही तुकडा बघितला नव्हता.

तू म्हणशील, व्हिडिओ लावायचा होता. लावला ना तू. दोनदा लावलास. तू फोन बाबांच्या हातात द्यायला गेलीस की ते म्हणतात, हात रंगाचे आहेत. बाबांचे हात माझा फोन आला की बरोबर रंगाचे होतात. लॉकडाऊनमध्ये कोणाचं दुकान उघडं नाही, कोणाला पाटी रंगवून हवी नाही, तरी त्यांचे हात रंगाचे. मी शिकत होते त्यांच्याकडे, तुला माहीत आहे. माझा हात बसला होता, असं तेच लोकांना सांगायचे. मग मी निघाले, आणि ते म्हणाले, निघालीस तर नीघ. एवढंच. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता येतं.

म्हणून मग मी दुसरं पार्सल पाठवलं. त्या फोटोत चपलांच्या जागी ओले ठसे होते. तिसऱ्यात दाराची खालची फळी नव्याने रंगवलेली. पार्सल मागवताना खाली एक चौकट असते, आणणाऱ्याला काही सूचना असेल तर लिहायला. मी लिहिलं, कृपया फोटो थोडा लांबून घ्यावा. त्याने घेतला, तर दाराशेजारच्या खिडकीचा कोपरा आला. त्या खिडकीशी बाबा दुपारचे उजेडाला बसतात. मग मी लिहिलं, खिडकी दिसेल असा फोटो घ्यावा. खिडकी आली, आणि गजांमागे एक कोपर. वहिनी, मी त्या कोपरावरून सांगू शकते की ते उभी रेघ ओढत होते. उभ्या रेघेला कोपर टेकवायचं नसतं.

काकूंच्या समोरच बसून मी हे करत होते. एकदा मी त्यांना विचारलंही, असं फालतू मागवणं पाप आहे का हो. त्या म्हणाल्या, पाप आहेच, पण ते पाप थांबलं तर तुझं-माझं टेबल उचलतील, नुसत्या गोळ्या-साबणाला एवढे हात लागत नाहीत. मला ते फार आवडलं. म्हणजे मी मागवते म्हणून कोणाची तरी चूल पेटते, असं मी स्वतःला सांगायला लागले. सांगितलं की आपल्याला पटतं. आणि तो आणणारा माणूस दर वेळी थोडा थोडा मागे सरकत होता, तेव्हा मला वाटायचं त्याला कळलंय. फोटोत त्याची सावली यायची, टोपी आणि पाठीवरची पिशवी. मी त्या सावलीशी मनातल्या मनात बोलायचे.

शेवटच्या वेळी मी काय लिहिलं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. मी लिहिलं, दोन पायऱ्या खाली उतरून घ्या म्हणजे पूर्ण खिडकी येईल.

तुझा निरोप आला तो असा: पार्सलवाले भाऊ आपल्या जिन्यात पडले, पाय मोडला, बाबांनी त्यांना घरात घेतलं, आम्ही सगळे घाबरलोय, तू बरी आहेस ना? त्यावर मी अंगठा पाठवला. तो अंगठा गेल्यापासून मला धड झोप नाही.

तो उलटा उतरत होता, वहिनी. फोन डोळ्यासमोर धरून. आपल्या जिन्याची ती वळणाची पायरी अरुंद आहे हे मला माहीत आहे, त्याच पायरीवर मी लहानपणी बसून पाढे म्हटलेत, आणि मी ते लिहिलं नाही. मला खिडकी हवी होती.

फोटो मात्र आला. पडता पडता त्याचं बोट लागलं असणार. सगळं तिरकं आहे, छत, दिव्याची वायर, दाराची वरची कड, आणि खिडकीत बाबा. उठून उभे राहिलेले, हातात ब्रश, तोंड उघडं. सरळ माझ्याकडे बघतायत. किती बारीक झालेत. पांढरी दाढी ठेवलीय हे तू सांगितलं नाहीस. दोन वर्षांनी ते माझ्याकडे बघतायत असं वाटतं, पण ते त्या पडणाऱ्या माणसाकडे बघतायत. आणि ज्या चेहऱ्याने बघतायत, तो चेहरा मला माहीत आहे. मी कौलांवरून पडले होते तेव्हाचा.

तो फोटो मला पुसायचा आहे आणि पुसवत नाही.

मी शाखेतून त्या भाऊंचा नंबर काढला आणि फोन केला. खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील की मला वाटलंच, आत तुमचं कोणीतरी असणार. म्हणाले, “ताई, सूचना पाळली नाही तर लोक ॲपवर आमचे तारे कापतात. तारे कमी झाले की फेरी काढून घेतात. म्हणून उतरलो.” एवढंच होतं ते. मी जिच्याशी बोलत होते ती सावली आपले तारे सांभाळत होती. मी माफी मागितली, तर म्हणाले, माफी नको, पुन्हा फोनही करू नका, बायको चिडलीय. मग ठेवता ठेवता विचारलं, ते आजोबा कोण तुमचे? मी म्हटलं, वडील. म्हणाले, “मला धरून वर नेलं त्यांनी. मी म्हणत होतो, लांब राहा, मी सगळीकडे फिरतो. त्यांनी ऐकलंच नाही.”

आता जे विचारायला हे सगळं लिहीत बसले ते विचारते. बाबांना ताप आहे का? रंगाच्या वासाने त्यांची छाती किती नाजूक झालीय ते मला माहीत आहे. त्या भाऊंनी कोरोनाची तपासणी करून घेतली का, हे विचारायचं धाडस मला फोनवर झालं नाही. दादा बोलतो तेव्हा मी हवेच्या, पाण्याच्या, छोटीच्या दातांच्या गोष्टी करते. तो म्हणतो सगळं ठीक. दादा तर सगळ्यालाच ठीक म्हणतो. तू खरं सांगशील.

मागवायचं मी बंद केलंय. काकूंना सांगितलं की तो बेडूक माझा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, मग घाल पिशवी पाठीला. त्या चेष्टेत म्हणाल्या की खरंच, ते मला त्यांच्या मास्कमुळे कळलं नाही.

पण मी साहेबांकडे गेले. तुमच्याकडच्या शाखेत त्या भाऊंची फेरी रिकामी आहे. जुन्या इमारती, लिफ्ट नाही, कोणी घ्यायला तयार नाही. मी म्हटलं, मी घेते, त्यांचा पाय बरा होईपर्यंत. साहेब म्हणाले, तू तर इथेही टिकशील असं मला वाटलं नव्हतं. अत्यावश्यक सेवेचा पास मिळाला आहे. गंमत बघ, अननसाचे दिवे पोचवायला मी अत्यावश्यक.

याला प्रायश्चित्त वगैरे म्हणू नकोस. मी स्वतःला तसं सांगून बघितलं आणि मला हसू आलं. त्यांची फेरी त्यांच्यासाठी राखून ठेवायची, हे खरं आहे. त्या फेरीत आपली गल्ली येते, हेही खरं आहे. कुठलं किती खरं, ते मला वेगळं करता येत नाही. गोदामात बसून दुसऱ्याच्या पायांनी घरी येत होते, आता स्वतःच्या पायांनी येईन, एवढाच काय तो फरक.

राहायला शाखेच्या मागे खोली देतायत. घरी येणार नाही. रोज पन्नास दारांना हात लावून मी तुमच्यात कशी येऊ? आपल्या पत्त्यावर काही असेल तर तेवढं वर आणून ठेवीन, बेल वाजवीन आणि खाली वळणाच्या पायरीपर्यंत जाऊन थांबेन. नियम तसाच आहे. काही नसेल तर खालूनच पुढे जाईन.

दादाला तू सांग, तुझ्या पद्धतीने. छोटीला आत्या येतेय असं सांगू नकोस, ती धावत सुटेल.

बाबांनी दार उघडू नये. त्यांची छाती, माझे हात, सगळं मला कळतं. तू त्यांना बजावून ठेव, बेल वाजली तरी उघडायचं नाही म्हणून.

नको, वहिनी. तू त्यांना काही सांगू नकोस.

वळणाच्या पायरीवर थांबणारी,
तुमची भिंगरी