बाबांच्या नकारावर अपील

तीर्थस्वरूप आत्यास,

लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. गुडघे कसे आहेत? आतोबांनी चष्मा बदलला, की अजून पेपर हात लांब करकरून वाचतात? मी मजेत आहे. वजन वाढलंय. (काटा कोर्टाच्या टपालखात्यातला आहे. त्यावर माणसानं उभं राहायचं नसतं, हे मला मागाहून कळलं.)

हो, कोर्टातच आहे. हातातली कामं टाकून बसू नकोस, आरोपी म्हणून नाही, नोकरीला आहे. बेकरी सोडली, मग गोदाम सोडलं, मग रंगाऱ्याच्या हाताखाली होतो तिथे शिडीनंच मला सोडलं. आता तळघरातली निकालांची जाडजूड पुस्तकं ढकलगाडीवर घालून वर वकिलांपर्यंत पोचवतो. माझ्यासारख्या सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्या माणसाच्या हाताखाली एवढी पुस्तकं येतील, असं आमच्या मास्तरांना कुणी सांगितलं तर ते पाणी मागतील.

तर मुद्दा. बाबांनी तुला सांगितलंच असेल, की मी लग्नाचं काढलं आणि ते नाही म्हणाले. मुलगी कोर्टाच्या फाटकावर असते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या तपासते. माझा डबा रोज उघडून बघते. पहिल्या दिवशी म्हणाली, "हे काय आहे?" म्हटलं, भाजी. "कशाची?" म्हटलं, ते मलाही नक्की सांगता येणार नाही, मीच केलीय. त्यावर ती इतकी हसली की मागची रांग खोळंबली आणि एक वकीलसाहेब तापले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. गेल्या आठवड्यात तर तिच्याशी बोलत उभा राहिलो आणि वर एक पुस्तक न्यायला उशीर झाला. धावत तळघरात गेलो. एकाच खटल्याची दोन पुस्तकं होती, त्यातलं हलकं उचललं. वकिलांनी ते उघडून खणखणीत आवाजात अर्धं पान वाचलं. समोरचे वकील नुसते गालात हसत बसले होते. जज्जसाहेबांनी पुस्तक मागवून घेतलं, पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हा निकाल वरच्या कोर्टानं कधीच फिरवलाय." आमच्या वकिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ढकलगाडीच्या मागे बसलोच.

तळघरातल्या खोकलेकाकांनी (ग्रंथपाल आहेत, धुळीनं सारखे खोकतात, म्हणून) माझी चांगली खरडपट्टी काढली. "गाढवा, मेलेला निकाल घेऊन गेलास!" मग चहा पाजला आणि समजावलं. इथे म्हणे राज्यघटना सोडली तर संसदेनं लिहून केलेला कायदा सगळ्यांत मोठा. त्यात जिथे काही लिहिलेलं नाही, किंवा लिहिलंय पण अर्थावरून भांडण आहे, तिथे आधीच्या जज्जांनी काय ठरवलं ते बघायचं. वरच्या कोर्टानं एकदा ठरवलं की खालच्यानं मुकाट तसंच चालायचं. खालच्याचा निकाल पटला नाही तर वर अपील, तिथेही नाही पटलं तर आणखी वर, तेही त्यांनी ऐकून घ्यायचं मान्य केलं तर. त्याच्या वर कोर्टच नाही.

आत्या, मी ताडकन उठलो. हे तर आपलंच घर! लग्नाबद्दल लिहिलेलं आपल्यात काही नाही, म्हणजे जुना निकाल बघायचा. धाकट्या काकांची नोकरी सुटली होती तरी आजोबांनी त्यांच्या लग्नाला हो म्हटलं होतं, "बायको आली की टिकेल" म्हणून. आणि आजोबा बाबांच्या वरचे! मी त्याच दिवशी फोन लावला. बाबा म्हणाले, "त्याची गोष्ट वेगळी. तो पळून जायला निघाला होता." मी म्हटलं, मग मीही पळून जाईन. म्हणाले, "तू आधीच पळालेला आहेस. वर्षभर एका जागी टिकून दाखव, मग बोल." खोकलेकाकांना हे सांगितलं तर ते खोकायचं विसरले. जुना निकाल अंगावर आला की 'हे प्रकरण वेगळं आहे' म्हणायचं, हे शिकायला म्हणे वकिलांची उमेदीची वर्षं जातात. बाबांना उपजतच येतं.

म्हणून तुझ्याकडे आलोय. आजोबा गेल्यापासून वरचं कोर्ट तूच. बाबा सगळ्या गल्लीवर ओरडतात, पण तू "काय रे?" म्हटलंस की चपला काढून उभे राहतात, मी पाहिलंय. त्यांचा नकार फिरव. टिकण्याचं म्हणशील तर इथून मी हलत नाही, फाटकाची शपथ.

आतोबांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव, आणि लावलंय असं नुसतं लिहून कळवू नकोस.

तुझा लाडका (हे तूच म्हणायचीस) भाचा

ता. क. बाबांवर फार रागावू नकोस. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "डब्यात भाजी कोण करून देतं?" मी म्हटलं, मीच. तर म्हणाले, "मीठ बेतानं घाल."

ता. क. २. आत्या, निकालाची घाई नको, थोडा राखून ठेव. खरी अडचण अशी, की तिला मी अजून विचारलेलं नाही. रोज ठरवून जातो, ती डबा उघडते, आणि मी भाजीबद्दलच बोलतो. आतोबांनी तुला काय म्हणून विचारलं होतं, ते तेवढं उलट टपाली कळव, शब्दन् शब्द. बाबांच्या नकारावर तू तरी आहेस. ती नाही म्हणाली, तर त्यावर अपील कुठेच नाही, मी खोकलेकाकांना विचारून घेतलंय.