चार हात पुढची जमीन

२ नोव्हेंबर १९३३, निपाणी

माझा भाऊ अण्णा बाजारातून आला तो तणतणतच. "मोटार आप्पांच्या हातभर अंतरानं गेली! आन् ह्यांनी मान सुदिक वर केली न्हाय." आप्पा पाय धूत होते. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. कान जाऊन तीन वर्षं झाली, कानाशी ओरडलं तर थोडं कळतं. त्यात चालताना मान खाली. चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं, किडामुंगी चिरडायची नाही, हा आम्हा जैनांचा नियम. सांगतात सगळे, पाळतात एकटे आप्पा.

अण्णानं हुकूम सोडला. उद्यापासून आप्पांनी एकट्यानं सडकेवर जायचं नाही. म्हणजे बस्तीत, आमच्या देवळात, कसं जाणार? आणि बस्तीतल्या देवाचं दर्शन झाल्याशिवाय आप्पा पाण्याचा थेंब घेत नाहीत.

३ नोव्हेंबर

अण्णा पहाटेच तंबाखूच्या वखारीत. वैनी बाळंतीण. आप्पा सोप्यात बसून राहिले. अण्णा सांजेला धावत आला, दर्शन करवून आणलं, पण तोवर सूर्य मावळला. आता सकाळपर्यंत जेवण नाही. अण्णाला मात्र वाटतं, आपण बापाचा जीव वाचवला.

४ नोव्हेंबर

आजही तेच. दहाच्या सुमारास आप्पा माझ्या खोलीच्या दाराशी आले. ओठ सुकलेले. "ब्राह्मी, तू येतीस काय संगं?"

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. मी उंबरा ओलांडलेला नाही. विधवेनं कशाला जायचं, आणि जाऊन बघायचं तरी काय? पण माझ्यापायी म्हाताऱ्यानं उपाशी राहायचं? पदर कपाळापर्यंत ओढला आणि निघाले.

५ नोव्हेंबर

वाटणी ठरली. आप्पांनी खाली बघायचं, मी वर. मोटार आली की मी त्यांचं मनगट दाबायचं. वर बघायचं म्हणजे पदर मागे सारावा लागतो. सारला.

१९ नोव्हेंबर

आज दवंडी पिटली. पायी चालणाऱ्यांनी सडकेच्या कडेनं चालावं, मोटारीला वाट द्यावी. मी आप्पांच्या कानाशी ओरडून सांगितली. हसले. त्यांचा कायदा जुना आहे — डोईवर ओझं असेल त्याला आधी वाट, मग पाण्याची घागर, मग गाभण गाय, मग आंधळा.

"आन् मोटार?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या मागनं. तिच्या डोईवर ओझं न्हाय, पायबी दुखत न्हाईत."

२७ डिसेंबर

धुकं. सडकच नाही, नुसता पांढरेपणा. आधी घुंगरं ऐकू येतात, मग बैलाची शिंगं, मग सगळी गाडी दुधातून वर यावी तशी. एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आली. आम्ही कडेला झालो. ती हसली, मीही हसले. पुढे कितीतरी वेळ वाटत होतं की चालतोय ते आम्ही नव्हे, सडकच आम्हाला हळूहळू बस्तीकडे नेते आहे. चौदा महिने मी एका भिंतीकडे बघत होते. भिंतीवरच्या डागाला उंटाचा आकार होता. आज तो उंट आठवावा लागला.

९ जानेवारी १९३४

आज माझी लाज निघाली असती. बगळ्यांची रांग चालली होती, मी मान वर करून तिच्या मागे मागे मनानं पार गेले. पहारा माझा, आणि मीच हरवलेली! एकाएकी आप्पांनी हात धरून कडेला ओढलं. "चाकोरीत मुंग्या हाईत गं." मी खाली बघते तोवर पाठीमागून भोंगा वाजवत मोटार गेली, धुळीत आम्ही दोघं न्हालो.

मुंग्यांनी वाचवलं म्हणायचं. मला एकही दिसली नाही. पण आप्पांचं सत्याचं व्रत, तेव्हा असतीलच.

अण्णाला सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

सगळ्या गावाला तंबाखूचा वास. शिंकत शिंकत दर्शन.

मुलींच्या शाळेच्या यशोदाबाई रोज वाटेत भेटतात. आज थांबल्या. "सातवी झालीय न्हवं तुझी? आमच्याकडं बाई कमी हाय. येतीस?" मी आप्पांकडे बोट दाखवलं, ह्यांना कोण नेणार? आप्पा जमिनीकडे बघत उभे. शाळा अकराची आहे, दर्शन तोवर होतं. रात्री मनाशी हो म्हणून टाकलं.

१ मार्च

मुली मला बाई म्हणतात. मी दोनदा मागे वळून पाहिलं, कोण बाई आली म्हणून.

१७ मार्च

सोमवारपासून सकाळची शाळा. आप्पांचं दर्शन नेमकं त्याच वेळी. मी सोडते म्हटलं. आप्पांनी ऐकलं नाही की ऐकून घेतलं नाही, कुणास ठाऊक. अण्णा म्हणाला, "मी नेतो, तू जा." अण्णाच्या शब्दाचं वजन मला माहीत आहे. झोप येत नाही.

१९ मार्च

अण्णा नव्हताच. वर्गाच्या खिडकीतून दिसलं — आप्पा एकटेच, अनवाणी, मान खाली. मागून मोटार. माझी हाकही त्यांना ऐकू जाणार नव्हती. भोंगा वाजायचाच होता, तेवढ्यात आप्पा थांबले. दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर टेकवून क्षणभर उभे राहिले, जमिनीची थरथर पायांनी ऐकली आणि सावकाश कडेला झाले. मोटार हातभर अंतरानं गेली. मान वर केली नाही.

मुलींसमोर रडू आलं.

मी बगळे बघत हरवले त्या दिवशी चाकोरीत मुंग्या नव्हत्या.