लाल दोऱ्याची ट्यूब

घाटंजी,
गुरुवार, ता. १३ डिसेंबर २००७

उज्ज्वला राठोड हिस,

नावाआधी ‘प्रिय’ लिहायची माझी इच्छा नाही. इकडे सगळे बरे आहेत. तिकडेही बरंच असणार, पहिल्या नंबरवाल्यांचं काय बिघडतंय? तुझ्या याडीला, माझ्याही आईसारख्या सुखीबाईला, आणि खेमसिंग काकांना माझा सलाम सांग. त्यांच्याशी माझं भांडण नाही. तू तीनदा माझा फोन कापलास, म्हणून हा कागद खराब करते आहे.

रविवारी शर्यतीनंतर तांड्यावर तुझ्यासाठी डफ वाजला म्हणे. सोमवारी अब्बा येऊन दारातून सायकल घेऊन गेले, तेव्हा डफवाले कुठे गेले होते? सायकल आमच्या दुकानाची आहे. भंगारातून एकेक भाग जमवून अब्बांनी ती बांधली, पुढचा स्प्रिंगवाला फोर्क नागपूरहून आणला आणि तो माझ्या सायकलीला न लावता तुझ्या सायकलीला लावला. दिली तशी परत घेतली. जानेवारीतल्या राज्याच्या शर्यतीला आता पायी पळत जा.

फुलसावंगीच्या डोंगरातले बहात्तर किलोमीटर. त्यातले पन्नास मी तुझ्या पुढे होते, हे कुणालाच आठवत नाही. मग सराट्याच्या काट्यांनी माझा मागचा टायर चाळणी केला. जवळच्या दोन्ही ट्यूब गेल्या, सोल्युशन संपलं, आणि मी नाल्यात चाक मांडीवर घेऊन बसले. वाटेत बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही, फक्त दुसऱ्या स्पर्धकाकडून काही मागता येतं. अब्बांनी हा नियम आपल्याला शंभरदा घोकून घेतला होता. तू आलीस. तू थांबली नाहीस.

बरं, थांबलीस. एक पाय पेडलवर ठेवूनच, म्हणजे उपकारच केलेस. सीटखालच्या पिशवीतून ट्यूब काढून माझ्याकडे टाकलीस आणि चढाला लागलीस. मी ती चढवली, पंप मारत राहिले. हवा भरायच्या वॉलच्या बुडातून ती सूं करून बाहेर. तिथं चीर पडली की ठिगळ बसत नाही, हे तुला ठाऊक आहे, आमच्याच दुकानात शिकलीस. चार वर्षं माझ्या ताटात जेवलीस आणि वेळ आली तेव्हा सडकी ट्यूब दिलीस. मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. आणखी सांगणार आहे.

वरच्या शेतात रुक्माबाई नावाची म्हातारी कापूस वेचत होती. ट्यूब नसली तर आपले लोक टायरात गवत कोंबून घर गाठतात, तेच मला सुचलं. पण नाल्यात हिरवं पान नव्हतं. बांधावर जाऊन गवत आहे का विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि ओटी सोडून सगळा कापूस माझ्यापुढे ओतला.

“ने व बाई,” ती म्हणाली. “व्यापारी तं पाहून बी नाई राह्यले याच्याकडं. तुह्या चाकात तरी जाऊ दे.”

तेवढ्यानं भागलं नाही, तर उभ्या झाडांची बोंडं खुडून दिली. नियम तिथंच मोडला होता, पण मला कोण पाहत होतं? सरकीसकट कापूस कोंबला आणि बावीस किलोमीटर दगडासारख्या चाकावर काढले. माझी कंबर अजून सरळ होत नाही. सातवी आले. तू पहिली.

शुक्रवार

काल इथवर लिहून थांबले. वाचून पाहिलं. फाडणार होते, पण असू दे. मी कशी बोलते ते तुला दिसू दे.

रविवारी रात्री घरी आल्याबरोबर ती ट्यूब मी पुरावा म्हणून अब्बांच्या पुढ्यात टाकली, बघा तुमच्या लाडकीनं काय दिलं म्हणून. त्यांनी ट्यूबकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. सोमवारी पहाटे फजरची नमाज झाली तसे तांड्यावर गेले. याडीनं पाणी आणलं, ते घेतलं नाही. सुखीबाईच्या हातचं पाणी अब्बांनी कधी नाकारलं नव्हतं. परत आले आणि तेव्हा कुठं त्यांनी ट्यूब हातात घेतली.

आमच्या दुकानाची एक रीत तू विसरली नसशील. जी ट्यूब आता कधीच कुणाच्या चाकात घालायची नाही, फक्त कापून पट्ट्या करायच्या, तिच्या वॉलला अब्बा लाल दोरा बांधतात. दोरा दातानं तोडता येतो. गाठ राहते, ह्याही वॉलवर राहिली होती. त्यांची गाठ कधी सुटत नाही.

 अब्बांनी ट्यूब खिळ्याला टांगली, बरोबर माझ्या स्टुलासमोर. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. गिऱ्हाईक येत होतं, मी पंक्चर काढत होते, आणि तुझ्याबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याच ट्यूबकडे बोट दाखवून सांगत होते. अब्बा ऐकत होते.

तर आता लिहिते. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दोघींच्या पिशव्या मी भरल्या. तुझ्या पिशवीतली नवी ट्यूब मी काढून घेतली आणि ही घातली. दोरा माझ्या दातानं तोडला. तू उघडून बघणार नाहीस, हे मला माहीत होतं. चार वर्षांत तू कधी बघितलं नाहीस.

काहून केलं म्हणशील. चढावर तू माझ्यापेक्षा चांगली आहेस. ते मी सहन केलं असतं. पण अब्बा फोर्क बसवत होते तेव्हा म्हणाले, इस लडकी का हाथ हल्का है. मला असं ते कधी म्हणाले नाहीत. मी सहाव्या वर्षापासून त्या दुकानात पान्हे पुसते.

आणि तुझा राग मला अजूनही येतो. काल लिहिलं त्याच्या दुप्पट येतो. तू थांबलीस काहून? जवळ एकच ट्यूब, पुढे बावीस किलोमीटर सराटे, आणि तू म्हणालीस, “ठेव. मले लागन तं पाहू.” सरळ निघून गेली असतीस तर मी तुला आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या आणि सुखानं झोपले असते. मी तुझ्यासाठी ठेवलेली ट्यूब तू मलाच दिलीस आणि तुला काही ठाऊकही नव्हतं. हे मला सहन होत नाही.

आज अब्बा जुम्म्याच्या नमाजला निघताना त्यांना सगळं सांगितलं. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “मैंने सुखीबाई के हाथ का पानी नहीं पिया.” आणि मशिदीकडे निघून गेले.

ते परत यायच्या आत मी निघते. तुझी सायकल ढकलत आणते, चालवत नाही. अकरा किलोमीटर आहे, वाटेत जो भेटेल त्याला सांगत येईन. ह्या चार दिवसांत ज्यांना खोटं सांगितलं त्या एकेकाकडे उद्यापासून जाईन. हे पत्र याडीच्या हातात देईन आणि बाहेर सायकलपाशी उभी राहीन. तू बाहेर आली नाहीस तर ती कुडाला टेकवून परत जाईन. माफी मागत नाही, कारण तू दिलीस तर मला घेता येणार नाही. याडीकडे मात्र अब्बांच्या वाटणीचं पाणी मागणार आहे.

पिशवीत नवी ट्यूब ठेवली आहे, तीच, तुझी. ह्यावेळी स्वतः उघडून बघ. ह्यापुढे कुणीही भरली तरी उघडून बघत जा.

तुझी पिशवी भरणारी,
गुलनार