टायगरची सोय

पूनम सागर, मीरा रोड
१२ मे १९९४

श्रीमान परागराव यांस, मेहुणे गुणवंत यांचे नाइलाजाने नमस्कार.

पत्र मिळालं. इंद्रलोकमधल्या नव्या फ्लॅटमध्ये बायको-मुलगी हवी, पण त्यांच्यासोबत इतके महिने माझ्याकडे ठेवलेला तुमचा कुत्रा नको, कारण फरशीवर नखं उमटतील! फरशीविषयी एवढा जिव्हाळा मी प्रथमच पाहिला. माझ्या बहिणीच्या वाट्याला त्यातला अर्धा तरी यायचा होता.

तुमचा टायगर झुरळाला भितो. झुरळ दिसलं की समिधामागे लपतो, आणि चार वर्षांची ती त्याला धीर देते, "मी आहे ना!"

परवा जेवणाआधी मी ताटाशेजारी देवांच्या नावाने चित्राहुती घातल्या. टायगरने भाताचं शीतन्‌शीत चाटून नेलं. समिधा ओरडली, "मामा, तुझे देव जेवले!" चाळीस वर्षांत माझ्या देवांनी अशी तत्परता दाखवली नव्हती. तेव्हापासून पहिला घास त्याला देऊन ती हात जोडते. तुम्हाला कधी जोडलेत?

हे पत्र पाठवणार नाही. सुरुची म्हणाली, "दादा, मला तिथेच नांदायचंय." उद्या कार्ड टाकीन: कुत्रा माझ्याकडे राहील, दोघी रविवारी येतील. समिधाला मी सांगितलंय, दोनच दिवस जायचंय. तिला पटलं. तिने टायगरलाही बजावलं, "दोन दिवस मामाजवळ झोप हं."

एका नालायकाला लिहायला बसलो होतो, परागराव. लिहून होईपर्यंत आपण दोघे झालो.

गुणवंत