रक्ताची दुसरी बाटली

३ जून
पलंग — एकही खिळा नाही, नुसते लाकडात लाकूड बसवलेले कुसवाचे सांधे. अख्ख्या हाउहा गावात असा दुसरा नाही. कपाट. दोन बाकं. दाराची चौकट. अक्रोडाचा पाळणा, एकवीस वर्षं रिकामा. सगळं माझ्या हातचं, कुणी शिकवलं नाही! आणि आज डॉक्टरीणबाई म्हणतात, "रक्त देणारी दोन माणसं आणा. तरच शुक्रवारी बायकोची गर्भपिशवी काढू."

नऊ वर्षं देल्फिनाच्या अंगावरून जातंय. पोटात गाठी संत्र्याएवढ्या. कॅन्सर नाही, पण अंगात रक्तच उरलं नाही. कोंबडीचं रक्त कांद्यावर परतून खाते बिचारी — फरक शून्य.

४ जून
मेहुणीने दिलं. माझं घेतलं नाही. "कधी कावीळ?" — झाली होती, तेविसाव्या वर्षी. खोटं कशाला बोलू?

मेहुणी हसून हसून लोळली. "दाजी, हे तेवढं घरी बनवता आलं नाही का?"

५ जून
सातुर्निनो आला. बेकरीवाला. लग्नाआधी हिच्याकडे पाव टाकायचा — रोज एक जास्तीचा! दारातूनच म्हणतो, "दुसरी बाटली माझी."

त्याचं रक्त हिच्या अंगात?

"गरज नाही." दार लावलं. चौकटीत चपखल बसतं, आवाजही होत नाही.

देल्फिनाने आतून ऐकलं होतं. "रक्तपेढीत जातं ते, कुणालाही चढवतात! आणि मलाच चढलं, तर काय उद्यापासून पाव भाजायला लागेन? शुक्रवार चुकला तर पुढची तारीख सप्टेंबरात. तोवर तुझा पलंग तू धू."

शाल घेतली आणि गेली त्याच्याकडे. भिंतीला धरत धरत. मी खिडकीतून बघत राहिलो.

७ जून
पिशवी काढली. सगळं नीट. एक बाटली चढवली. कुणाची, ते लिहिलेलं नसतं — मी वाकून बघितलं.

११ जून
देल्फिनाला घरी आणलं. वारा लागू नये म्हणून फटी बुजवल्या, सूप केलं. तिकडून सातुर्निनोचा गरम पाव आला. पावाचा वास घेऊन हसली. सुपाला नाही!

शेवटी विचारलं, "वाईट वाटतंय का? पिशवीचं?"

"तुला वाटतंय. मला मोकळं वाटतंय." मग पाळण्याकडे बघत, "सातुर्निनोच्या धाकट्या लेकीचे दिवस भरलेत. तो कोपरा मोकळा कर."

सुपाचं भांडं उचलून आत गेलो.

१२ जून
पाळणा पुसला, पाठीवर टाकला, बेकरीत ठेवून आलो. सातुर्निनो पिठाच्या हातांनी नोटा देत होता — नऊशे सोल. घेतल्या नाहीत.