एक कमी आहे

प्रिय वेस्ली,

नऊ वर्षांत माझ्या सगळ्या पत्रांना मिळून तुझी दोन कार्डं आली. तरी लिहितेय.

परवा बाबांना गुहेवर नेलं. वाटेत बायसनचा कळप रस्त्यातच ठाण मांडून बसला, अर्धा तास गाडी हलली नाही. बाबा मात्र खुशीत होते, काच खाली करून माळावरच्या गवताचा वास घेत होते. पुढे पाइनच्या झाडीत उतरले आणि खोडाला नाक लावून उभे राहिले, लहानपणी आपल्याला उभं करायचे तसेच. तुला त्या सालीला व्हॅनिलाचा वास यायचा, मला कधीच नाही. "तुझं नाक नुसतं शोभेचं," म्हणून चिडवायचास. परवाही मला काही आला नाही. तुझी फार आठवण आली रे.

आम्ही पोचलो तेव्हा गुहेतून लिफ्टने पर्यटकांचा एक गट वर येत होता. बाबा म्हणजे त्याच गुहेत एकतीस वर्षं गाइड म्हणून काढलेला माणूस. पुढे झाले आणि डोकी मोजायला लागले. "एक कमी आहे. कुणी हलायचं नाही!" गाइड पोरगी टेरेसा बिचारी घाबरलीच. "आजोबा, अठरा गेले, अठरा आले, देवाशपथ!" तिने तीनदा मोजून दाखवलं. बाबा दारातून हटेनात. "माझा वेस्ली आत राहिलाय. दिवे घालवू नका."

तूही तिथे गाइड होतास त्या शेवटच्या उन्हाळ्याचं तुला काय सांगायचं? तू मोजायला चुकलास, एक बाई तासभर आत अंधारात राहिली, आणि बाबांनीच साहेबांना सांगून तुझी नोकरी घालवली. पुन्हा त्यांचं तोंड बघणार नाही म्हणून तू गेलास. मी तेव्हा गप्प बसले, त्याची अजून लाज वाटते. परवा बाबा टेरेसाचा हात धरून विनवत होते, "पोराला बोलू नका हो. मोजायला मीच चुकलो."

कसंबसं गाडीत बसवलं. पट्टा लावताना मला म्हणाले, "बाई, फार उपकार झाले. तुम्ही कुणाच्या?" रोज जेवू घालते ती मी, वेस्ली! घरी येऊन रडले, आणि तुझ्यावर चिडलेसुद्धा. माझं नाव त्यांच्या मनातून पुसलं गेलं, तुझं अजून आहे. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडेपर्यंत तेही जाईल. उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

तुझीच,
अर्लीन