चिठ्ठीसाठी माझंच तोंड लागलं

मंगळवार, दिवेलागण

कधी एकदा लिहिते असं झालंय. मोबाईल शेंगदाण्याच्या डब्याला टेकवला होता. दवाखान्यात माझ्याऐवजी बोलतात तसे आजही आमचे हेच बोलायला लागले, "तिला लई घाबरल्यासारखं हुतं." व्हिडिओवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंटशी बोलल्याशिवाय चिठ्ठी लिहिणार नाही." ह्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. मग मी किती बोलले, कुठून आलं एवढं? शेजारच्या काकू घेतात ती गोळी मागितली, तर ती व्हिडिओवर देताच येत नाही म्हणे. दुसरी दिली. चिठ्ठीवर माझं नाव, सारखी उघडून बघतेय. गोळी अजून आणायचीय, तरी हलकं कसं वाटतंय?

डबा जागेवर ठेवताना हे हळूच म्हणाले, "इतकं हुतं व्हय तुला? मग मी इतके दिवस दवाखान्यात काय भलतंच सांगत हुतो?"